हळदीच्या दिवसांत न विचारलेला प्रश्न

मार्च उजाडला की लातुरात ऊन आणि परीक्षा एकाच आठवड्यात येतात. कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली; त्यामुळे या दिवसांत मी बहुधा कोणत्या तरी वर्गात, बाकांच्या रांगांमधून, आवाज न करणाऱ्या चपला घालून फिरत असतो. पंख्याची घरघर, उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या कागदाचा वास, खिडकीबाहेर कडुनिंबाची गळणारी पाने. सगळे ओळखीचे. तरीही गेली तीन वर्षे दुपारचे बारा वाजून गेले की माझे मन वर्गात राहत नाही. शिक्षकांच्या खोलीतल्या कुलूपबंद खणात माझा फोन आत्ता थरथरत असेल, असे वाटत राहते. पेपर संपतो, गठ्ठे बांधले जातात, मी खण उघडतो आणि फोन हातात घेण्याआधी तळहात विजारीला पुसतो. कोणाचाही फोन आलेला नसतो. सुटल्यासारखे वाटायला हवे, वाटत नाही. उद्याची दुपार शिल्लक असते.

माझ्या या भीतीला वास आहे, शिजणाऱ्या हळदीचा. आमच्या वसाहतीत हळद शिजत नाही. ती शिजते दोनशे किलोमीटरवर, हदगावजवळच्या एका गावात, माझ्या थोरल्या बहिणीच्या शेतात. ओल्या मातीचा, थोडा कापरासारखा, घशाला कडवट लागणारा तो वास मला इथे, फळ्यापाशी उभा असताना येतो. विद्यार्थी मान खाली घालून लिहीत असतात आणि मी एका बाभळीच्या काडीचा विचार करत असतो.

ती काडी दाजींची. दाजी म्हणजे किशनराव, आक्काचे यजमान, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. हळद जमिनीतून काढणे कष्टाचे असते. शिजवणे मात्र जोखमीचे. गाड्यावर बसवलेली पाण्याची टाकी, तिच्याखाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ आणि वाफेच्या नळ्या जोडलेले चार उभे ड्रम, या सगळ्याला मिळून गावात कुकर म्हणतात. हळद कमी शिजली तर वाळल्यावर आतून फिकी राहते, जास्त शिजली तर रंग जातो. मधली नेमकी वेळ घड्याळात सापडत नाही. दाजी ड्रमचे झाकण काढायला लावत, वाफ ओसरू देत, एक हळकुंड उचलत आणि बोथट काडी त्यावर ठेवून अंगठ्याने दाबत. काडी अडली तर म्हणत, "बसू द्या अजून." ती लोण्यात गेल्यासारखी आरपार गेली की एकच शब्द: "उतरा." आजूबाजूच्या शेतांतून लोक त्यांना दुचाकीवर बसवून न्यायला येत. कुकरचे मालक गफूरभाई मला नेहमी सांगत, "अपना कुकर तो लोखंड है मास्टर. अक्कल किशनराव के अंगूठे में है."

तीन वर्षांपूर्वीच्या हळदीत मी दोन दिवसांची सुटी काढून तिथे गेलो होतो. सकाळी अकराचा सुमार असेल. दाजींनी हळकुंड उचलले, काडी दाबली आणि ते थांबले. दुसरे हळकुंड घेतले. तिसरे. पाचवे. वाफ निघून चालली होती. मजूर बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. शेवटी दाजींनी काडी गफूरभाईंपुढे धरली आणि म्हणाले, "तुमीच बघा. मला समजंना."

मी म्हणालो, "दाजी, हळद शिजली का तुम्हीच शिजलात?"

सगळे हसले. टोपलीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दाजीही हसले. ते हसले, ही गोष्ट मी पुढे कित्येक महिने माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरली. त्यांनी काडी ड्रमच्या काठावर ठेवली, जाऊन बाभळीखाली बसले आणि त्या दिवशी पुन्हा ड्रमजवळ आले नाहीत.

आमच्या भागात दाजींशी मेव्हण्याने कसे वागायचे, हे कोणी शिकवत नाही आणि सर्वांना येते. पहिले ताट त्यांचे. खाटेची उशाकडची बाजू त्यांची. त्यांची थट्टा करायची, जितकी जास्त तितके प्रेम जास्त. पण त्यांच्या घरातले, शरीरातले, मनातले उणे डोळ्याला दिसले तरी दिसले नाही असे करायचे, कारण ते उणे पाहणे म्हणजे बहिणीच्या नशिबात खोट काढणे. मी हा नियम इतका उत्तम पाळत आलो की त्याला सभ्यता समजत होतो. आता वाटते, त्यात माझी सोयही होती. मला कोणाच्या दुःखाजवळ बसता येत नव्हते, आणि न बसण्यासाठी एक प्रतिष्ठित कारण हाताशी होते.

त्याच दुपारी आक्काने मला चुलीपाशी बोलावले. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न पाहता ती बोलू लागली.

"बापू, ह्यांना झोप न्हाई. दीड महिना झाला. अन्न जाईना."

"वय झालं आक्का. साठी ओलांडली त्यांनी."

"वयाचं न्हाई रे. परवा म्हणले, माझं आता कशाला काम हाय. तू शिकलेला हायस. जरा बोल त्यांच्यासंग."

"मी काय बोलणार? दाजी आहेत ते."

तव्यावरची भाकरी तिने जरा जोरात उलटली, एवढे आठवते.

मी बोललो नाही. व्यवस्था मात्र केली. गाडी ठरवून दाजींना माहूरला रेणुकेच्या दर्शनाला नेले. पायऱ्या चढताना ते तीन वेळा थांबले आणि तिन्ही वेळा मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही रस्त्याच्या रुंदीकरणावर बोललो, पैनगंगेच्या पाण्यावर बोललो, पुलांवर बोललो. दाजी खिडकीकडे तोंड करून "हाव, हाव" म्हणत होते. घरी आल्यावर आक्काने फवारणीची सगळी औषधे गफूरभाईंच्या घरी नेऊन ठेवली, आणि दाजींना एकटे सोडायचे नाही असे आम्ही आपसात ठरवले. हे सगळे त्यांच्या पाठीमागे, खुणांच्या भाषेत. मी लातूरला परतलो, कारण परीक्षा होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी, पेपर संपल्यावर खण उघडला तर फोनवर आक्काचे नऊ कॉल होते.

दाजी त्या सकाळी सगळ्यांची नजर चुकवून निघून गेले होते. ते सापडले कालव्याच्या कडेला, बसलेले. सापडले गफूरभाईंना. पुढचे गफूरभाईंनीच मला नंतर कुकरपाशी सांगितले, आणि ते सांगतानाही ते माझ्या डोळ्यांत पाहत नव्हते. ते दाजींच्या शेजारी जाऊन बसले. मग त्यांनी विचारले, "किशनराव, मरने का सोच रहे क्या?" दाजींनी होकाराची मान हलवली आणि ते रडू लागले. वीस वर्षे ज्यांच्याबरोबर वाफेत उभे राहिले, त्या माणसाला गफूरभाईंनी पहिल्यांदा रडताना पाहिले.

"तुम्हाला कसं सुचलं हे विचारायचं?" मी म्हणालो.

"सुझा नै मास्टर. मेरे भाई को नै पूछा था मैं." एवढे बोलून ते जाळ सारायला वाकले.

तिथून ते दाजींना थेट नांदेडला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी संध्याकाळच्या आत पोहोचलो. रुग्णालयाच्या बाकावर दाजी बसले होते, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत. डॉक्टरांनी आम्हाला समजावले की हा आजार आहे. झोप जाणे, भूक जाणे, साधा निर्णय न घेता येणे ही त्याची लक्षणे असतात. साधा निर्णय न घेता येणे. मला ड्रमच्या काठावर ठेवलेली काडी दिसली. जी गोष्ट त्यांच्या अंगठ्याने सर्वांसमक्ष सांगितली होती, तिच्यावर मी विनोद केला होता.

फवारणीची औषधे घरातून हलवली हे योग्यच केले, असेही डॉक्टर म्हणाले. मला त्या वाक्याचा आधार वाटला. पण बाहेर आल्यावर दाजी हळू आवाजात बोलले, "तुमी सगळे माझी राखण करून राहिलते. वाळवणावर बसतेत ना हळदीच्या, तशी. आक्का दारात, तू खुर्चीवर. पण वाळवणासंग कोण बोलतंय?"

मी रिक्षा बघायला रस्त्याकडे वळलो.

लाज वाटावी अशी आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. त्याआधीच्याच वर्षी आमच्या महाविद्यालयात परीक्षेच्या ताणावर व्याख्यान झाले होते. पाहुण्या वक्त्यांचा परिचय मी करून दिला होता, पहिल्या रांगेत बसून टिपणेही घेतली होती. त्या बाई म्हणाल्या होत्या की मरणाचे विचार येतात का, असे थेट विचारल्याने ते विचार कोणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाहीत. उलट आत कोंडलेल्याला दार दिसते. हे वाक्य माझ्या वहीत, माझ्या वळणदार अक्षरात आहे. खाली रेघ मारलेली आहे. ते मी मुलांसाठी लिहून घेतले होते. पन्नाशी-साठीच्या पुरुषांनाही कोणी विचारायचे असते, हे माझ्या मनात आले नाही. आम्ही पुरुष एकमेकांना किती गोष्टी विचारतो! विहिरीला पाणी किती, गाडी किती पळते, गुडघा काय म्हणतो. आणि सगळ्यांवर उत्तर एकच, "निवांत." नांदेडच्या बसस्थानकापासून लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारापर्यंत हा शब्द मी रोज ऐकतो, रोज देतो.

मीही दिलेला आहे. एका हिवाळ्यात, त्याला आता बरीच वर्षे झाली, मी रोज संध्याकाळी इमारतीखाली स्कूटर लावून तिच्यावरच अर्धा अर्धा तास बसून राहत असे. वर जायला पाय उचलत नसत. घरी सांगे, रस्त्यात गर्दी होती. लातूरच्या त्या रस्त्यावर तेव्हा कसली गर्दी? कोणी खोदून विचारले नाही आणि मी त्याबद्दल मनातल्या मनात सर्वांचे आभार मानले. तो हिवाळा आपोआप सरला. दाजींचा सरला नसता.

ते बरे झाले, पण गोष्टीत होतात तसे नाही. दोन पावसाळे गोळ्यांनी तोंड कोरडे पडे, हात थरथरत. गेल्या वर्षी त्यांनी पुन्हा काडी हातात घेतली तेव्हा गफूरभाईंनी मला फोनवरून फक्त वाफेचा आवाज आणि पाठोपाठ "उतरा" ऐकवले होते. मी वर्गाबाहेरच्या ओट्यावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

यंदा हळद पुन्हा आली. मागच्या बुधवारी खण उघडला आणि फोन खरोखरच थरथरत होता.

"बापू," आक्का म्हणाली, "गोळ्या बंद केल्यात ह्यांनी. महिना झाला. मला आज कळलं. म्हणतेत, बरा हाव मी. आन् काल हळकुंड हातात घेऊन किती येळ नुसते उभे होते."

रजेच्या अर्जावर मी आधी 'घरगुती कारण' असे लिहिले. मग ते खोडून 'दाजींचे आजारपण' लिहिले. प्राचार्यांनी विचारले, "काय झालंय त्यांना?" मी म्हणालो, "मनाचा आजार आहे, सर." माझे कान तापले. त्यांनी सही केली आणि पेनाचे टोपण लावताना म्हणाले, "जाऊन या. लवकर जा."

दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरली. अहमदपूर, लोहा, नांदेड. प्रश्न कसा विचारायचा याची मी वाटभर तालीम केली. 'आपल्या मनात काही टोकाचे विचार तर येत नाहीत ना?' अशी वाक्ये जुळत होती. टोकाचे. कशाचे टोक? आणि 'येत नाहीत ना' असे विचारले की समोरच्याने 'नाही' म्हणायचे असते, तेवढ्यासाठीच ते तसे रचलेले असते. आयुष्यभर मी मुलांना उत्तरे नेमकी लिहायला सांगत आलो आणि एक प्रश्न मला नेमका रचता येत नव्हता. नांदेडला गोदावरीच्या पुलावर बस थांबली होती. खाली पाणी संथ होते. मी नजर वळवली. अर्धापूरच्या पुढे केळीचे मळे मागे पडू लागले आणि उघड्या खिडकीतून तो वास आला.

दाजी वाळवणावर होते. मोकळ्या रानात पसरलेल्या हळदीत लाकडी दाताळे फिरवत होते. सदरा खांद्यावर सैल झाला होता.

"या मास्तर. परीक्षा सोडून पळून आला का?"

"पळूनच आलो."

"निवांत हाय ना सगळं?"

जिभेवर आलेला शब्द मी गिळला. दुसरे दाताळे उचलले आणि त्यांच्या शेजारून हळद वरखाली करू लागलो. मग त्यांना स्कूटरवरचा तो हिवाळा सांगितला. आजवर बायकोलाही न सांगितलेला. सांगताना मी हळकुंडांकडेच पाहत होतो.

"आन् कुणाला बोलला न्हाईस?" दाजी म्हणाले.

"नाही."

"का बरं?"

"कुणी विचारलं नाही."

आता थांबलो तर पुन्हा तीन वर्षे जातील, हे मला ठाऊक होते.

"दाजी, सरळ विचारतो. मरून जावं असं मनात येतं का?"

त्यांचे दाताळे थांबले. दूर कुकरची वाफ फुसफुसत होती. एक साळुंकी वाळवणाच्या कडेने चालत गेली. मला वाटले, मी सगळे उद्ध्वस्त केले. आता ते उठून जातील, आणि गेले तर मी कुठपर्यंत मागे धावू शकेन, याचा मी अंतर मोजून विचारही केला.

"तवा तू हसला होतास," ते म्हणाले.

"हो. चुकलं माझं, दाजी."

"राहू दे." दाताळ्याने त्यांनी दोन हळकुंडे उलटली. "येतंय. रोज न्हाई. मंगळवारी लई आलतं."

"कसं, कुठं, असं काही ठरवलं होतं?"

"न्हाई. ठरवायचं पण समजंना मला." त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. यावेळी मी हसलो नाही.

"आणि आत्ता?"

"आत्ता तू डोकं खाऊन राहिला. येळ कुठं हाय?"

मग मला हसू आले आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. दाजींनी ते पाहिले आणि दिसले नाही असे केले नाही. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. हळदीने तो पिवळा झालेला होता.

"आक्काला सांगू नको पण," ते म्हणाले.

"सांगणार. हे लपवायचं वचन मला मागू नका. तुमच्यासमोरच सांगू, तुम्ही सांगा नाहीतर मी सांगतो."

तिथूनच मी डॉक्टरांना फोन केला. गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, त्यांना एकटे ठेवू नका, उद्या सकाळीच घेऊन या, असे त्यांनी सांगितले. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. दाजी सगळे ऐकत होते. "येतो म्हणावं," ते म्हणाले. नांदेडची पहिली बस किती वाजता सुटते, यावर आमचा थोडा वादही झाला. तो वाद मला फार बरा वाटला. उद्याच्या बसवरून भांडणारा माणूस उद्या धरून चालतो, अशी मी मनाची समजूत घातली. पण ती समजूत पुरली नाही, हेही खरे. माझी नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. फक्त आता ती चोरटी नव्हती.

"किशनराव!" कुकरजवळून गफूरभाईंनी हाक दिली. "देखो जरा, पक गई क्या?"

आम्ही दोघे गेलो. झाकण निघाले, वाफ वर चढली. टोपल्या घेतलेल्या बायका थबकल्या. दाजींनी हळकुंड उचलले, काडी ठेवली, अंगठा दाबला. थांबले. दुसरे उचलले. तीन वर्षांपूर्वी जिथे उभा होतो, जवळजवळ तिथेच मी उभा होतो.

"आज समजंना मला," दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले.

कोणी हसले नाही. एक बाई म्हणाली, "बसा की जरा, पाणी प्या." गफूरभाईंनी खांदे उडवले. "नै समजा तो नै समजा. हल्दी कहीं भाग री क्या?"

दाजींनी काडी माझ्या हातात दिली. "तू बघ. एवढा भूगोल शिकवतोस."

मी काडी हळकुंडावर ठेवून दाबली. ती थोडी आत गेली, मग अडल्यासारखी झाली, की ते माझ्या अंगठ्याचे भय होते, मला सांगता येईना. "मलाही कळत नाही, दाजी," मी म्हणालो. गफूरभाई वाकले, दाजी वाकले. एका हळकुंडावर आम्हा तिघांची डोकी जवळ आली आणि वाफ तिघांच्या चेहऱ्यावर येत राहिली.

"झाका," दाजी म्हणाले. "अजून जरा थांबू."